बेवारस बॅगेची चाचणी

विमानतळावर जसा बंदोबस्त असतो, तसा आपल्या एसटी स्टँडवर का नसावा, असं मी इथं बदलून आल्याबरोबर सगळ्यांना विचारलं. मी गहिनीनाथ, स्टँडचा नवा सुरक्षा अधिकारी. उत्तरही मीच द्यायचं ठरवलं.

नुकतंच संभाजीनगरला माझं प्रशिक्षण झालं होतं. शिकवायला विमानतळावरचे एक साहेब होते. कुठूनही सुरुवात केली तरी त्यांची गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबायची: बेवारस वस्तू दिसली की हात लावायचा नाही, लांब व्हायचं आणि रक्षकाला कळवायचं. परत आल्यावर मी हे फळ्यावर लिहिलं आणि भोंग्यावरून इतक्या वेळा सांगितलं की गाड्या कुठं लागतात ते सांगायला कंट्रोलरला भोंगाच मिळेना. सोमवारी विभागाच्या प्रियदर्शनी मॅडम तपासणीला येणार होत्या. त्या खूश झाल्या तर माझी बीडला बदली नक्की होती.

आमचा रक्षक हनुमान. त्याला मी बजावलं, "ओळखपत्र पाहिल्याशिवाय कुणाचंही ऐकायचं नाही. मी आलो तरी."

"बरं सायेब," हनुमान म्हणाला. या माणसाचा मोठा गुण म्हणजे तो सांगितलेलं करतो.

रविवारी सकाळी मी गुपचूप चाचणी घ्यायचं ठरवलं. साधे कपडे घातले, तोंडाला गमछा गुंडाळला आणि घरातली दाराजवळची काळी बॅग उचलली. तिच्यात भांडेवालीला द्यायचे जुने कपडे आहेत, हे मला पक्कं ठाऊक होतं. माजलगावच्या गाड्या लागतात तिथल्या बाकड्याखाली ती ठेवली आणि रसवंतीच्या आडोशाला उभा राहिलो.

पहिला प्रवासी आला, बॅगेवर पाय ठेवून झोपला. दुसऱ्यानं त्याला उठवलं. मला बरं वाटलं. पण बॅगेवर धूळ बसते म्हणून त्यानं ती नुसती बाकड्यावर उचलून ठेवली आणि गाडीत चढला. मग सीताफळं विकणारी रहेमतबी आली. तिनं बॅग उचलून आपल्या पाटीमागं नेली आणि वर पोतं झाकलं.

मला राहवलं नाही. "मावशी, ती बॅग माझी आहे."

"तुजी? मग सोडून कावून गेलतास?"

"चाचणी होती."

"ती कोन? बायको?" रहेमतबीनं पोतं आणखी नीट झाकलं. "आत काय हाय ते सांग आन् घेऊन जा."

"जुने कपडे," मी बेधडक सांगितलं.

तिनं चेन उघडली. वरच पोपटी पैठणी होती, घडीसुद्धा न मोडलेली. तिच्यावर चांदीच्या पैंजणांची डबी. रहेमतबीनं पैठणीकडं पाहिलं, मग माझ्या गमछ्याकडं पाहिलं.

"ह्ये जुने कपडे हायत?"

एवढ्यात माणसं गोळा झाली. "धरा बे ह्याला," कुणीतरी म्हणालं आणि लगेच चौघांनी धरलं. भोंग्यावरून घसा बसेपर्यंत सांगून जी जागरूकता येत नव्हती, ती अशी एकदम आली. हनुमान धावत आला. माझा जीव भांड्यात पडला. गमछा ओढून काढत मी म्हणालो, "हनुमान, मी कोण आहे ते यांना सांग."

हनुमाननं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ओळखपत्र?"

"वर्दीच्या खिशात आहे."

"वर्दी कुटं हाय?"

"दोरीवर वाळत घातलीय."

लोक हसले. मी त्याच्या कानाशी लागलो, "अरे, मीच आहे."

"सायेबांचा हुकूम हाय," हनुमान हळूच म्हणाला. "सायेब आले तरी ऐकायचं न्हाई. चला सायेब." आणि त्यानं मला पार्सलच्या खोलीत कोंडलं.

कांद्याच्या पोत्यावर बसून मी खिडकीच्या गजांतून बाहेर पाहत होतो. तेवढ्यात जीप आली आणि प्रियदर्शनी मॅडम उतरल्या. एक दिवस आधी आल्या होत्या, अचानक पाहणी करायला. त्यांनी रहेमतबीचं म्हणणं ऐकलं, हनुमानची पाठ थोपटली आणि खिडकीशी आल्या. मी सगळं सविस्तर सांगितलं.

"पकडलेले सगळे साधारण असंच सांगतात," मॅडम म्हणाल्या.

मग माझी बायको धनश्री घाईघाईनं आली. भाच्याच्या साखरपुड्यासाठी ती घाटनांदूरला निघाली होती आणि तिची बॅग घरातून गायब झाली होती. रहेमतबीनं तिलाही तेच विचारलं. धनश्रीनं पैठणीच्या काठावरच्या मोरांपासून सगळं सांगितलं. रहेमतबीनं बॅग तिच्या हातात दिली.

"बाई, या माणसाला ओळखता का?" मॅडमनी विचारलं.

धनश्रीनं गजांतून माझ्याकडं पाहिलं. पलीकडं घाटनांदूरच्या गाडीची घंटी वाजली.

"बॅग माजी हाय," ती म्हणाली. "मानसाचं परवा आल्यावर बगते." आणि गाडीत चढली.

शेवटी हनुमान माझ्या घरी जाऊन दोरीवरची वर्दी घेऊन आला. ओळखपत्रही कपड्यांबरोबर धुतलं गेलं होतं, पण फोटोतल्या मिशा शाबूत होत्या. मला बाहेर काढलं. तिथल्या तिथं मी मॅडमना बदलीचं विचारलं.

"छे, तुम्ही इथंच पाहिजेत," त्या म्हणाल्या. "ही चाचणी दर महिन्याला घ्या. आणि बॅग ठेवायला दुसरा माणूस नको. तुमच्या चेहऱ्याचा लोकांना लगेच संशय येतो."

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं, असं हनुमान म्हणतो.