कुंदाताईंची बाजूची सीट

कुंदाताई आमच्याकडे चहाला आल्या, की त्यांचा उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबत असतो. टीव्हीवर ट्रक वळला, दाबला. माझ्या नवऱ्याने आणखी एक बिस्कीट उचललं, दाबला. "सवय लागली वं," म्हणतात.

पिपरी मेघेत त्यांचा ड्रायव्हिंग क्लास आहे. क्लास म्हणजे एक जुनी पांढरी गाडी, तिच्या डाव्या बाजूला जादा ब्रेक, आणि तिथे बसलेल्या कुंदाताई. त्यांचा नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, गाडी विकून टाका. ताईंनी टपावर क्लासची पाटी लावली. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांना त्यांनीच शिकवलं. मलाही. "घाबरू नको, समोरचाबी तुले घाबरते," एवढाच धडा.

मध्यंतरी भिशीत कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातली टॅक्सी; स्टिअरिंग आपोआप फिरतंय, पुढे कोणीच नाही. बायका हसल्या. कुंदाताई मोबाइल सोडेनात.

"ड्रायव्हर कुठी गेला?"

"लागतच नाही आता."

"अन् त्याले शिकवणारा?"



तेव्हापासून बाईला चैन नाही. भाजीवाल्याला विचारतात, एसटीच्या ड्रायव्हरला खिडकीखाली उभं राहून विचारतात, "तुमाले काही समजलं का?" समोरच्यांच्या सुनेने क्लासला नाव घातलं होतं. ती म्हणाली, थोड्या वर्षांत गाड्या आपोआपच चालतील, कशाला शिकू? कुंदाताई तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "तवापर्यंत काय पायदळ फिरशीन?" सून हसली, पण आली नाही.

मला लायसन्स मिळून वर्ष झालं. तरी गेल्या रविवारी दारात हॉर्न वाजला. "चाल वं, तुहा रिव्हर्स कच्चा आहे."

रिव्हर्सचं नावही न काढता आम्ही आंजीच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे कपाशी. ताई एरवी सारखं बोलतात, आज गप्प.

"काय झालं ताई? क्लासची काळजी वाटते का?"

"थे तं आहेच. पण ह्या सीटवर बसलं ना, का बायका समदं सांगतात मले. सासूचं, पोराचं, दुखण्याचं. नजर रस्त्यावर राह्यते, मंग बोलाले सोपं जाते." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "घरी कोण बोलते माह्यासंग?"

पुढच्या वळणावर मी क्लच एकदम सोडून दिला. गाडी धक्का खाऊन बंद पडली.

"अवं! वर्ष झालं अन् क्लच सोडता येत नाई?" कुंदाताई ताठ बसल्या. आवाज पार पहिल्यासारखा खणखणीत.

"नाही ना येत," मी म्हटलं.

"मंग उद्या सकाळी येजो. हप्ताभर तरी लागंल." मी गाडी सुरू केली, तशा त्या हळूच म्हणाल्या, "महिनाच धर."