पोच

ते पत्र आलं तेव्हा वकीलसाहेबांच्या मिशा काळ्या होत्या. पाठवणारे डॉक्टर नुकतेच त्यांच्याकडून खटला हरले होते. एका कारकुनाच्या मोडलेल्या हाताऐवजी डॉक्टरांनी धडधाकट हात प्लास्टरमध्ये घातला होता, आणि साहेबांनी उलटतपासणीत त्यांना घाम फोडला होता. तरी डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात ते सोडून तुमचं बाकीचं बोलणं फार आवडलं. एकदा चहाला या.’

साहेब हरखून गेले. कोर्टात वाघ असलेला हा माणूस कोर्टाबाहेर दूधवाल्याशी बोलतानाही चाचरायचा. चहाला बोलावणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. उत्तर लिहायला ते कितीदा तरी बसले. पण दरवेळी कागदावर उतरायचं, ‘आपले पत्र पोचले. त्यातील मजकूर सर्वस्वी मान्य नाही.’ मग तो कागद टोपलीत जायचा. असं करता करता मिशा पिकल्या, वकिली संपली.

परवा ते जुनी कागदपत्रं काढायला स्टुलावर चढले. त्याच खटल्याची फाईल हाती लागली. ती तिथेच उभ्यानं वाचत, स्टुलावर आहोत हे विसरून, पान उलटता उलटता ते सरळ चालायला लागले.

दवाखान्यात केसपेपरवर त्यांचं नाव पडलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. ड्युटीवरच्या डॉक्टरनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मोठ्यांनी लांबूनच नमस्कार केला आणि दवाखान्याच्या वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, “त्यांना हात लावू नका.”

“अहो, पण हातच मोडलाय,” साहेबांची बायको म्हणाली.

शेवटी, ज्याचं आता काही बिघडण्यासारखं राहिलेलं नाही असा माणूस शोधून आणला गेला. निवृत्त झालेले तेच डॉक्टर. केस गेलेले, पण चष्मा पुसायची लकब तीच.

“कोणता हात, वकीलसाहेब?”

“डावा,” साहेब ठासून म्हणाले.

डॉक्टरांनी सुजलेल्या उजव्या मनगटाकडे पाहिलं.

“त्यांचं ऐकू नका,” बायको म्हणाली. “जन्मभर समोर उभ्या साक्षीदाराकडे बघून डावं-उजवं ठरवलंय यांनी. मीठ डावीकडे आहे म्हणाले की मी उजवीकडे हात घालते.”

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि उजव्या मनगटावर ठळक फुली मारली. “आपल्या खटल्यापासून ही सवय लागली. त्यानंतर एकदाही चुकलो नाही.”

साहेबांना खूप काही बोलायचं होतं. त्यांनी फुली मारलेला हात पुढे केला.

प्लास्टर वाळत असताना डॉक्टर म्हणाले, “तुम्ही चहाला आला नाहीत. मी पुढच्या आठवड्यात मुलीकडे चाललोय, कायमचा. त्याआधी याल?”

“लेखी कळवतो,” साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

घरी आल्यावर साहेबांनी कपाळावर प्लास्टरच मारून घेतलं. लिहायचा हात तर बांधलेला. नाइलाजानं त्यांनी बायकोला कागद घ्यायला लावला.

“लिही. आपले पत्र पोचले. झालेल्या विलंबाची कोणतीही जबाबदारी न स्वीकारता...”

ती भराभर लिहीत होती. साहेब येरझारा घालत पाऊण तास सांगत होते.

“वाच बघू.”

“रविवारी दोघं येतो. चहात साखर नको. त्या वेळी फार दुष्टपणे बोललो, पण तुमची आठवण नेहमी यायची.”

“हे मी कधी म्हणालो?”

“लग्न झाल्यापासून म्हणताय. करा सही.”

साहेबांनी हरकतीची जागा शोधली. एकही सापडेना. डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारखी, त्यांनी सही केली. बायकोनं पाकीट चिकटवलं आणि चपला घातल्या.

“अगं, थांब,” ते खिडकीतून म्हणाले, “साखरेच्या बाबतीत ‘तूर्तास’ घालायला हवं होतं.”

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी तिनं हात वर करून पाकीट त्यांना दाखवलं आणि आत टाकलं.