नावं ठेवलेलं घर

"भाडं भरणं म्हणजे दुसऱ्याच्या बादलीत पाणी भरणं," असं मी एका सकाळी दाढी करता करता बायकोला ऐकवलं. वाक्य माझं मलाच इतकं आवडलं की आरशात बघून मी ते पुन्हा एकदा म्हटलं. एखादं वाक्य इतकं आवडलं की पुढे त्याप्रमाणे वागावं लागतं, हे त्या वेळी लक्षात आलं नाही.

निमित्त आमच्या कन्येचं होतं. तिला परगावच्या विद्यापीठात भूगोलाला प्रवेश मिळाला होता, पण वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. वर्ग सुरू व्हायच्या आत तिला डोक्यावर छप्पर हवं होतं.

"बाबा, मी आणि माझी मैत्रीण मिळून एक खोली भाड्यानं घेतो," ती म्हणाली.

"छे! आपण फ्लॅटच विकत घेऊ."

"आणि माझं शिक्षण संपल्यावर त्याचं काय?"

"तू पुढे शीक."

"आणि ते संपल्यावर?"

"त्याच्याही पुढे शीक."

"म्हणजे तुमचं कर्ज फिटेपर्यंत मी शिकतच राहायचं!"

"अगं, बघू दे त्यांना एखादं घर," बायको म्हणाली. "बघून आले की शांत होतात." (माझ्याबद्दल ही नेहमी असं बोलते, जणू मी गावाला गेलोय. मी तिथेच होतो, तोंडाला साबण लावून.)

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच आला. मी एका मोठ्या ऑफिसात खरेदी विभागात आहे. विक्रेता खुर्ची, पंखा, टाचण्या, काहीही घेऊन आला की त्यात खोड काढायची, याचा मला पगार मिळतो. त्यातही माझं एक तत्त्व आहे: वस्तू जितकी आवडली तितकी तिला जास्त नावं ठेवायची. खुर्ची फारच छान असली तर मी तिच्यावर बसून कण्हतो. विक्रेतेही मुरलेले असतात. ते रडवेलं तोंड करतात, भाव थोडा उतरवतात, आणि शेवटी आम्ही एकत्र चहा पितो. अख्खं जग याच रीतीनं चालतं, अशी माझी पक्की समजूत होती.

एजंटनं एका फ्लॅटचा पत्ता दिला आणि तो स्वतः दुसऱ्या गिऱ्हाइकामागे गेला. आम्ही तिघं जिना चढून गेलो. दार उघडलं ते एका म्हाताऱ्या, वाळक्या, नीटनेटक्या गृहस्थांनी. हे निवृत्त शिंपी. घर विकून दोघं नवरा-बायको मुलाकडे राहायला जाणार होते. काकू त्यांच्या मागे उभ्या होत्या, पण इतक्या ठेंगण्या की आधी मला त्या दिसल्याच नाहीत.

घरात पाऊल टाकलं आणि मी घराच्या प्रेमात पडलो. खिडकीतून विद्यापीठाचं मैदान दिसत होतं. मागच्या खोलीत काकांचं कापड बेतायचं लांबरुंद टेबल होतं. कन्या त्यावर हात फिरवत आईला हळूच म्हणाली, "आई, माझा केवढाही मोठा नकाशा यावर मावेल गं." बायकोनं खिडकीचा पडदा सरकवला आणि ती तिथेच उभी राहिली. दोघींचे चेहरे बघून मी ओळखलं, हे घर हातचं जाऊ द्यायचं नाही. म्हणजेच आता तोंड सोडायला हवं.

"ओल दिसतेय," मी भिंतीकडे बोट दाखवून म्हणालो.

"कुठं?" काका जवळ आले. त्यांनी खिशातून शिंप्याचा चपटा खडू काढला आणि मी दाखवलं होतं तिथे भिंतीवर एक फुली मारली.

मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. माणूस हिशेबी दिसतोय. फुलीगणिक भाव उतरणार!

"दार कुरकुरतंय."

फुली.

"फरशी उताराची आहे. चेंडू ठेवला तर स्वयंपाकघरात जाईल."

काका गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं वाकले. फुली.

"बाबा," कन्या माझी बाही ओढत होती. मी तिला डोळा मारला. तिला माझं तत्त्व ठाऊक नव्हतं (किंवा फार चांगलं ठाऊक होतं). बायको डोळे वटारत होती, पण ती नेहमीच वटारते, त्यामुळे त्यातून निराळं काही समजत नाही. मी सुटलोच होतो. खिडकी लहान, छत बुटकं, मोरी अंधारी. काका मागोमाग येत होते, एकेका जागेकडे नीट निरखून बघत होते आणि मुकाट्यानं फुली मारत होते. पांढऱ्या फुल्यांनी घराला देवी आल्यासारखं दिसायला लागलं.

शेवटी मी स्वयंपाकघरात गेलो. "आणि हा ओटा! हा कुणासाठी बांधलाय? भातुकली खेळायला?"

काकू तिथेच उभ्या होत्या. ओटा बरोबर त्यांच्या कमरेला येत होता.

"यांनी माझ्या मापानं करून घेतला होता," त्या म्हणाल्या.

काकांनी ओट्यावर फुली मारायला हात नेला आणि तो तसाच मागे घेतला. मग त्यांनी खडू खिशात टाकला.

मी घसा खाकरला. "तर मग, काका, एवढं सगळं बघता, तुम्हीच आता काय ते बोला."

"काय बोलणार?" काका म्हणाले. "घर विकायचं नाही."

"अं?"

"कापडात दोष दिसला की आधी गिऱ्हाइकाला फुली मारून दाखवायचा, मगच कात्री लावायची, हा माझा जन्माचा नेम. आणि फुल्याच फुल्या झाल्या की ते कापड विकायचं नाही. तुम्ही जाणकार आहात, म्हणून दाखवलंत. आम्हाला इतकी वर्षं राहून दिसलं नाही. असलं घर मी कुणाच्या लेकीच्या गळ्यात बांधणार नाही."

माझ्या पायाखालची ती उताराची फरशी सरकली. "अहो, नाही नाही! तसं काही नाही! ओल म्हणजे काय, जरा गारवा! उन्हाळ्यात बरा!"

"तुम्ही मनाचे चांगले आहात," काका म्हणाले. "आमचं मन राखताय."

"दार कुरकुरतं म्हणजे चोर आला तर कळेल!"

"पुरे आता," बायको दात आवळून म्हणाली.

काकू पदरानं ओटा पुसत होत्या. तो स्वच्छच होता. "मी पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे हो घर," त्या म्हणाल्या. "लोक मनात काय म्हणत असतील!" आणि त्यांनी तोच पदर डोळ्यांना लावला.

खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी एखाद्या कपाटात शिरून आतून कडी लावून घ्यावीशी वाटली. ऑफिसात कितीतरी खुर्च्यांना मी नावं ठेवली, पण त्यांपैकी एकीनंही कधी डोळे पुसले नव्हते. खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"काकू, मला घर फार आवडलं," मी म्हणालो. "म्हणून नावं ठेवली."

काकांनी चष्मा वर केला. "आवडलं म्हणून?"

"हो. म्हणजे... भाव जरा कमी व्हावा म्हणून."

"म्हणजे ओल नाही?"

"असेल थोडी. मी नीट बघितलीच नाही."

काका माझ्याकडे बघत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना ही रीतच समजत नव्हती, आणि ती त्यांना समजावून सांगताना ती मलाही समजेनाशी झाली. कन्या जमिनीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. त्या लाल कानांची मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"तरी विकायचं नाही," काकू एकदम म्हणाल्या.

"अगं, पण आता तर ते म्हणतायत..." काका गोंधळले.

"म्हणू देत. मला कुठं जायचंय मुलाकडे? तुम्ही ठरवलंत, मी गप्प बसले. मघाशी हे पाहुणे घराला बोलत होते ना, तेव्हा मला इतका राग आला की कळलं, मला इथून हलायचंच नाही."

म्हणजे घर गेलं. विकत घ्यायचं ते गेलंच, आणि वर्ग तोंडावर आलेले. मी मान खाली घालून दाराकडे निघालो. तेवढ्यात कन्या पुढे झाली.

"काकू, मग मागची खोली भाड्यानं द्याल? मी आणि माझी मैत्रीण राहू. फक्त ते टेबल तिथेच असू द्या." आणि मग हळूच, "बाबांच्या वतीनं मी माफी मागते."

काकूंनी तिचा हात धरला आणि तिला आत नेलं. मागून बायको गेली. आतून तिघींच्या बोलण्याचा, मग हसण्याचा आवाज आला. त्या कशाला हसत होत्या हे विचारायची माझी हिंमत नव्हती. काकांनी एक ओलं फडकं आणि स्टूल माझ्यापुढे आणून ठेवलं. मी समजलो आणि फुल्या पुसायला लागलो. (एकेक जागा जवळून पाहिली. ओल नव्हती.)

मी स्टुलावर असतानाच तिघी बाहेर आल्या. काकांनी भाडं सांगितलं, तर काकूंनी ते जागच्या जागी निम्मं करून टाकलं.

एवढा वेळ दाबून ठेवलेलं काहीतरी माझ्या छातीत फुगून वर आलं. मी स्टुलावरून वाकून बायकोच्या कानाशी म्हणालो, "बघितलंस? शेवटी आपली पद्धत लागू पडलीच ना! भाव उतरला!"

कानाशी बोलायची मला सवय नाही. सगळ्यांना ऐकू गेलं.

"घराला नावं ठेवलीत म्हणून नाही हो कमी केलं," काकू अगदी मायेनं म्हणाल्या. "एवढीशी पोर, जन्मापासून तुमच्याबरोबर राहिलीय. म्हटलं, तिला आपल्याकडून तेवढाच दिलासा."