वेस्टरडाइकच्या तीन पेपरमिंटांची मोहीम

आकाशातील बापास नमन करोन, अल्बर्टा प्रांतीचे माळावरील मौजे वेस्टरडाइक, कुल उंबरे साठ, पवनचक्की एक, चर्च एक, तेथील मागील बाकाचा कायम रहिवासी जो मी, तो डोळां देखिले तैसे वर्तमान लिहितो. तिखटमीठ घातले असेल तर थोडकेच, आमचे गावी फार मसाला चालत नाही.

गावचा रिवाज ऐसा की, प्रवचन सुरू जाहले म्हणजे बाकोबाक पेपरमिंटांची पुडी फिरावी, आणि गोळी दातांखाली फोडणे ही उधळपट्टी, सबब जिभेवरच विरघळवावी, आणि प्रवचन तीन गोळ्यांत आटपावे. बुजुर्ग हॉलंडाहून आले तेव्हा बोटीत सामान थोडके आणले, आणि हा कायदा मात्र सबंध आणला. मग पुढे नऊ वर्षे पाळकाची गादी रिकामी राहिली, आणि गेले नाताळी योरिस पाळक दाखल जाहले. माणूस लाखमोलाचा, परंतु प्रवचन पाच गोळ्यांचे! दोन महिन्यांत दुकानातील कुल जखीरा फस्त होत आला.

तेव्हा चर्चमंडळीचे वडील कारभारी, काटकसरधुरंधर, राजमान्य राजेश्री सीट्से होल्ट्रॉप, जे चहाची भिजली पुडी दोरीवर वाळत घालितात, त्यांनी फर्मान काढिले की, आदितवारी प्रवचनानंतर हात वर करोन मत घ्यावे. चौथी गोळी तोंडात गेली तर पाळकास निरोप. आणि शनिवारी सकाळी पाहतात तो दुकानातील बरणी रिकामी, आणि बर्फामुळे मालाची गाडी बंद. मग दुसरे फर्मान सुटले.

“गोळ्या नाहीत ना? माझं घड्याळ आहे! तीस मिनिटं म्हणजे तीस मिनिटं!”

हे वर्तमान विधवा आफ्के व्हेनस्ट्रा, उमर अठ्ठ्याहत्तर, यांचे कानी आले, आणि मावशी तडक शेजारी कोबुसाचे दारी उभ्या राहिल्या.

“कोबुस, गोळी हळू चघळता येते रे, घड्याळ कोण चघळणार? माझ्या नवऱ्याला, बाउकेला, माती दिली ती उसन्या पाळकानं, आणि तीही ‘ब्राम’ म्हणून! अजून काळीज जळतं माझं. मला माझ्या नावानं जायचंय. हा पाळक माझ्या स्वैपाकघरात बसून कॉफी पितो, मला ओळखतो. काढ ट्रॅक्टर!”

“मावशी, बाहेर उणे तीस आहे!”

“मग टोपी घाल.”

ऐसी कूच जाहली. सहा कोसांवर आमचेसारखेच येथे येऊन वसलेल्या युक्रेनी लोकांचे गाव, तेथवर वाटेत दोन वेळा ट्रॅक्टर बर्फात रुतला, मग कोबुसाने फावडे चालविले आणि मावशींनी जीभ चालविली, आणि दोन प्रहरी दाणावैरणीचे दुकान गाठिले. तेथे पेपरमिंटांची अखेरची मोठी पिशवी सापडली, आणि गोळी पाहतात तो आवळ्याएवढी.

“मावशी, पिशवीवर घोडा आहे. घोड्यांचा खाऊ आहे हा!”

“घोडा असू दे नाहीतर हत्ती! वास पेपरमिंटचाच आहे ना?” ऐसे म्हणोन मावशींनी एक गोळी तोंडात टाकिली, आणि गाव परत येईतो ती संपेना, तेव्हा मावशींस जे हसू फुटले ते कोबुसास ट्रॅक्टराचे आवाजातही ऐकू आले.

आदितवारी पुड्या फिरल्या, आणि माणशी तीन गोळ्या जाहल्या. पाळक नोहाचे तारवात शिरले, आणि थोडक्यात सांगतो म्हणाले, आणि मग हत्ती चढविले, उंट चढविले, बेडूकही जोडीजोडीने चढविले, तरी पाऊस सुरू होईना. होल्ट्रॉपसाहेब घड्याळ दाखवावयास उठू पाहती, तो गाल दाढ सुजल्यागत, शब्द बाहेर निघेना. गोळी फोडावी तर आयुष्याची काटकसर बुडते, आणि थुंकावी तर त्याहून बुडते. मग खाली बसले. एक तास चाळीस मिनिटांनी कबुतर परतले आणि आमेन जाहले. होल्ट्रॉपसाहेबांची दुसरी गोळी विरघळली, तिसरी मुठीत तैशीच राहिली, आणि चेहऱ्यावर ऐसा उजेड पडिला की गावाने कधी देखिला नव्हता.

“दोनच लागल्या! अहो, एक वाचली! इतका काटकसरी पाळक मिळतो कुठं?”

हात भराभर वर गेले, आणि होल्ट्रॉपसाहेबांनी आनंदाचे भरात दोन्ही वर केले.

मग कॉफीचे वेळी मावशींनी आपली तिसरी गोळी रुमालात बांधोन पाळकांचे हाती दिली.

“ही ठेवा. माझ्या मातीच्या दिवशी तोंडात धरा. त्या दिवशी हवं तेवढं बोला, मला घाई नसेल.”

पाळकांचे डोळे भरले. “आफ्के बाउके व्हेनस्ट्रा. पाठ आहे मला, मावशी.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, पाळकाची गादी कायम जाहली. ती गोळी पाळकांचे कोटाचे खिशात जमा असे, आणि मावशींची तब्येत ठणठणीत, सबब तो रुमाल उघडण्याची निकड नाही. लिहिले ते खरे.