मनोहररावांची पाणथरी

मे महिन्यात नागपुरातली कुत्रीसुद्धा नळाखालची ओली जागा सोडत नाहीत. अशा दिवसांत आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत मनोहरराव ठवकर लोकरीची कानटोपी घालून फिरत. कोणी हटकलं की म्हणत, "न्युमोनियाले काय कळते गा, मे हाय का डिसेंबर?"

मनोहरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. लग्न केलं नव्हतं, घरात एकटेच. एकदा सायकलला ट्रक घासला, ते पडले आणि बरगडीखालची पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटली. डॉक्टरांनी ती काढून टाकली, माणूस वाचला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पाणथरी नसलेल्या माणसाला न्युमोनियाचे जंतू फार लवकर लोळवतात. परदेशात त्यावर एक लस निघाली आहे. मिळाली तर टोचून घ्या."

तोवर मनोहरराव साधे पार्सल क्लार्क होते. त्या दिवसापासून ते बिनपाणथरीचे गृहस्थ झाले.

रेशनच्या दुकानात रॉकेलच्या रांगेत ते सरळ पुढे जात. "बिनपाणथरीच्या माणसाले लाइनीत उभं ठेवता?"

दुकानदार विचारी, "काकाजी, मातीतेल घ्याले पाणथरी कशाले लागते?"

समोरून कोणी खोकत आला की ते रस्ता ओलांडत. पूजेच्या बोलावण्याला जाण्याआधी यजमानाच्या छातीची चौकशी करत. लग्नात आहेर हातात ठेवायच्या आधी नवरदेवाला बाजूला घेत. "सासरचं कोणी अमेरिकेत हाय का गा?" कॅरमच्या अड्ड्यावर त्यांची नक्कल मी करायचो. बरी जमायची.

शेवटी त्यांच्या साहेबांचा मुलगा अमेरिकेहून आला आणि थर्मासमध्ये बर्फ भरून त्या लसीची एक शिशी घेऊन आला. एकाच माणसाला पुरेल एवढी. सारी गल्ली थर्मास बघायला लोटली. समोरच्या राधाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मनोहररावांनी थर्मास दुपट्ट्यात गुंडाळला आणि दवाखान्यासाठी रिक्षा केली. मी सायकलवर सोबत.

परत आल्यावर कित्येक दिवस ते दंड धरून कण्हत होते. "धक्का नोको मारू गा, अमेरिकेची सुई हाय!"

एक हिवाळा नीट गेला. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांना हुडहुडी भरली. दुपारी दवाखान्यात नेलं, दिवस मावळायच्या आत ते गेले. न्युमोनियाच होता.

गल्लीने निकाल देऊन टाकला. एवढी अमेरिकेची लस घेतली, तरी न्युमोनियानंच गेला. पुढे लहान मुलांना डांग्या खोकल्याची लस टोचायला नर्सबाई आल्या, तेव्हा राधाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आमच्या मनोहररावले वाचवलं का तुमच्या सुईनं? जा वं बाई, पुढं जा." नर्सबाई पुढच्या दारी गेल्या. तिथेही तेच ऐकलं. त्या वर्षी आमच्या गल्लीत घरोघरी डांग्या खोकल्याची ढास ऐकू यायची. राधाबाईंचा नातू त्यातून उठला नाही.

मी तोंड उघडलं नाही. शब्द दिला होता. आता सांगतो. मनोहररावांनी ती लस घेतलीच नव्हती.

दवाखान्याच्या फाटकाशी आमच्या मागच्या ओळीतली कांता मेश्राम उभी होती, सोबत तिची शोभा. पोरीला सिकलसेल, रक्ताचा जन्माचा रोग. सारखी हाडं दुखायची, सारखा ताप. ती नेहमीच्या गोळ्या घ्यायला आली असेल असं मला वाटलं. पण मनोहररावांनी दोघींना निरोप धाडून बोलावलं होतं.

आत डॉक्टरांनी विचारलं, "हं, कोणाला टोचायची?"

मनोहरराव म्हणाले, "हिले."

कांता दचकली. "काकाजी, हे काय करून राहिले तुम्ही? लस तं तुमची हाय!"

"चूप बस वं. तूच सांगत होती नं नळावर, या रोगात पोरीची पाणथरी निकामी झाली म्हणून?"

डॉक्टर म्हणाले, "हिला लागेलच. पण ठवकर, तुम्हालाही तितकीच लागते."

"माही पाणथरी अर्धी जिंदगी वापरून झाली, डॉक्टरसाहेब. हिनं तं धड वापरलीच नाही. साहेबाचा पोरगा पुढच्या वर्षी येऊनच राहिला. मी तवा घेईन."

तो मुलगा पुन्हा आला नाही.

बाहेर पडताना त्यांनी मला बजावलं, "गल्लीत बोलू नोको, वसंता. लोक कांताले टोचून खातीन." ते गेल्यावर तर लोकांनी तिला जगूच दिलं नसतं, म्हणून मी गप्प राहिलो. कांताला वाचवताना राधाबाईंचा नातू माझ्या हिशेबात आलाच नाही. आता कांता नाही. शोभा शाळेत शिकवते. तिला विचारलं, तर म्हणाली, "लिहा."

मग तेही लिहितो. सुई बघून शोभाने हात पाठीमागे लपवला होता. मनोहररावांनी स्वतःची बाही वर केली. "आधी मले टोचा, सिस्टर." सिस्टर समजूतदार. तिने दंडाला स्पिरिट लावलं आणि बोटाने दाबलं. मनोहरराव एवढ्या जोरात ओरडले की व्हरांड्यातले पेशंट डोकावून गेले. शोभा खुदकन हसली आणि त्या हसण्यातच तिची सुई होऊन गेली.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. खुर्चीवरून उतरून मनोहररावांपाशी गेली. "लई दुखलं का, काकाजी?" असं म्हणून त्यांच्या दंडावर फुंकर घालू लागली.

सिस्टरने पुढच्या पेशंटला हाक मारली. कांता शोभाला ओढू लागली. मनोहररावांनी दुसऱ्या हाताने कांताला थांबवलं.

"राहू दे वं जरासं," ते म्हणाले. "अजून दुखून राहिलं."