शून्य वजनाचं पोलाद

दोन वस्तूंची तुलना केल्याशिवाय तिसऱ्या वस्तूची दुरुस्ती टाळता येत नाही, हे जुन्या कार्यालयांत सर्वमान्य असलेलं सत्य आहे. नव्या कार्यालयांना ते उमगायला वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात तिथे बऱ्याच गोष्टी उगाच दुरुस्त होऊन जातात.

आमचं कार्यालय जुनं आहे. वस्तू मजबूत आहे की नाही हे ठरवणं आमचं काम. शिडी, खुर्ची, बादलीची कडी, कुलपाची साखळी, काहीही आणा. आम्ही ती ओढतो, वाकवतो, आपटतो आणि मोडली नाही तर तिच्यावर शिक्का मारतो. (मोडली तर नमुना सदोष होता असं कळवून दुसरा मागवतो.) सहा मजल्यांची इमारत, मजल्यामजल्यावर शिक्के, आणि या सगळ्याला वरखाली नेणारी एक लिफ्ट. लिफ्टवर मात्र शिक्का नव्हता. घरच्याच माणसाची परीक्षा घेणं बरं दिसत नाही.

लिफ्ट चालवत बटणदादा. त्यांचं खरं नाव कुठेतरी नोंदलेलं असणारच, पण अख्खं ऑफिस त्यांना बटणदादा म्हणायचं आणि ते ओ द्यायचे. एका सकाळी ते साहेबांच्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. मी कार्यालयाचा सचिव, त्यामुळे साहेबांच्या समोर मान डोलावत बसलेलो होतोच.

"साहेब, वर मशीनच्या खोलीत कोळिष्टकंच कोळिष्टकं झालीत. आणि दोराच्या तारा सुटायला लागल्यात. चौथा मजला ओलांडला की कर्र कर्र करतो."

बटणदादा इथेच चुकले. दोन तक्रारी त्यांनी एका दमात केल्या. त्याच सकाळी साहेबांच्या साडूंनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला होता, की कोळ्याचा धागा पोलादापेक्षा पाचपट मजबूत असतो. मेसेजच्या खाली हात जोडलेले होते आणि एक फूल होतं, म्हणजे माहिती खात्रीची होती.

"कोळिष्टकं कुठे आहेत म्हणालात? दोराच्या आसपास?" साहेबांनी विचारलं.

"दोरालाच लागलीत, साहेब."

"मग रडताय कशाला?"

बटणदादा आल्या पावली लिफ्टकडे परतले. शास्त्रासमोर सामान्य माणसाचं असंच होतं.

तरीही साहेब निष्पक्ष माणूस. ऐकीव गोष्टीवर निर्णय घेणं त्यांना पटेना, म्हणून त्यांनी समिती नेमली. अध्यक्ष साहेब स्वतः. तज्ज्ञ म्हणून त्यांचे साडू, जे कॉलेजात शिकवतात. (काय शिकवतात, हे विचारण्याची वेळ समितीवर आली नाही.) सचिव मी. कोळ्यांच्या बाजूने बोलायला तज्ज्ञ होते. पोलादाच्या बाजूने कोणी नव्हतं, कारण पोलादाने तशी मागणी केलेली नव्हती.

तुलना समान वजनाची हवी, असं साडूंनी पहिल्याच बैठकीत बजावलं. हे शंभर टक्के बरोबर आहे. आमच्या कार्यालयात आजवर जेवढं वाटोळं झालं, ते बरोबर गोष्टींनीच झालेलं आहे.

मशीनच्या खोलीतून एक धागा अलगद उतरवून आणला. तो वजनकाट्यावर ठेवला. आमचा काटा खुर्च्या आणि लोखंडी पलंग तोलण्यासाठी बसवलेला. काटा हलला नाही. चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. वजन शून्य. तेव्हा समान वजनाच्या तत्त्वानुसार पोलादही शून्य घ्यायचं, हे ओघानेच आलं. भांडारपालांनी शून्य पोलाद ताबडतोब दिलं. इतक्या तत्परतेने त्यांनी यापूर्वी कधीच काही दिलं नव्हतं.

आता भार. धाग्याला एक मेलेली माशी लटकलेली होती. ती आधीपासूनच लटकलेली असल्यामुळे चाचणीचा वेळ वाचला. धागा तुटला नाही. मग तीच माशी काढून शून्य पोलादाला लटकवली. माशी टेबलावर पडली. चाचणी पुन्हा घेतली, माशी पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी साहेबांनी स्वतःच्या हाताने लटकवून पाहिलं आणि मग खुर्चीला पाठ टेकून म्हणाले, "संपला विषय."

साडूंचे डोळे भरून आले. पोलादावरचा माझाही विश्वास त्या दिवशी उडाला.

त्यानंतर निघालेल्या आदेशाचा सारांश असा. लिफ्टचा दोर बदलण्यात येऊ नये, कारण तो बदलल्यास त्याला लागलेली जाळी तुटून लिफ्ट कमकुवत होईल. मशीनच्या खोलीत झाडू नेऊ नये. कोळ्यांना दचकवू नये. सफाईवाल्या मावशींनी खोलीत शिंकू नये. शिंक आल्यास खाली येऊन शिंकावी. दोरातून येणारा कर्र असा आवाज हा पोलादाचा पराभवानंतरचा स्वाभाविक विलाप समजावा.

लिफ्ट सुरक्षित असल्याचं जाहीर झालं आणि त्याच आठवड्यात सगळं ऑफिस जिन्याने ये-जा करू लागलं. यामागे कोणतंही वेगळं कारण नव्हतं. मी स्वतः विचारपूस केली. सत्तर टक्के लोकांना डॉक्टरने जिना चढायला सांगितलं होतं, वीस टक्क्यांना बायकोने, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत साहेब, साडू आणि मी, ज्यांना जिन्यात विचार चांगले सुचतात. लिफ्टमध्ये राहिले एकटे बटणदादा. त्यांना डॉक्टरने काही सांगितलेलं नव्हतं आणि लिफ्ट सोडून जिन्यात उभ्या राहणाऱ्या लिफ्टमनला पगार कशाचा द्यायचा, हा प्रश्न होताच. शिवाय रिकामी लिफ्ट पाहून लोकांच्या मनात शंका आली असती.

एका दुपारी त्यांची बायको मला भेटायला आली. बटणदादा माझ्यापेक्षा मोठे, म्हणून आम्ही तिला वहिनी म्हणतो.

"भाऊजी, हे झोपेत हात वर करून काहीतरी धरायला बघतात हो. मी हात खाली घेते, पुन्हा वर करतात. दोर बदलत नसाल तर नका बदलू, पण यांना दुसरं कुठलंही काम द्या. फरशी पुसतील. दारात बसतील."

"वहिनी, समितीने तपासलंय ना सगळं."

"तुम्ही जाता का त्यातून?"

"मला जिना बरा पडतो."

"मग यांनाही बरा पडेल की!"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून मी वहिनींसाठी चहा मागवला, त्यात साखर जास्त घालायला सांगितली आणि बघतो म्हणालो. बघतो हा आमच्याकडचा सर्वांत मजबूत शब्द आहे. तो आजवर कोणालाही मोडता आलेला नाही.

दरम्यान समितीचं काम बाहेर गाजलं. ते लोकांना पाहता यावं म्हणून साहेबांनी सहाव्या मजल्यावर प्रदर्शन मांडायचं ठरवलं. एका काचेच्या पेटीत विजयी धागा (माशीसह), आणि शेजारी हरलेला पक्ष म्हणून पोलादाचा भलाथोरला ठोकळा. शून्य पोलाद ठेवलं असतं तर पाहुण्यांना दिसलं नसतं. ठोकळा चार माणसांनी कसाबसा दारापर्यंत आणला. जिन्याने नेणं शक्यच नव्हतं.

"बटणदादा, घ्या वर," साहेब म्हणाले आणि स्वतः जिना चढू लागले.

बटणदादांनी ठोकळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "येताय का सोबत?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे. त्यांनी जाळीचं दार ओढलं.

चौथा मजला ओलांडल्यावर दोर तुटला. (अशा वेळी लिफ्ट धरून ठेवायला एक ब्रेक असतो. आमचाही होता. तो गंजून जागीच बसला होता.) आवाज सगळ्या मजल्यांवर ऐकू गेला. दार कापून बटणदादांना बाहेर काढलं, गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. वहिनी धावत आल्या. जाताना त्या माझ्या शेजारून गेल्या, पण भाऊजी म्हणाल्या नाहीत.

कार्यालयाने घटना अत्यंत गांभीर्याने घेतली. समिती त्याच संध्याकाळी पायऱ्या चढून मशीनच्या खोलीत गेली. दोराचं तुटकं टोक लोंबत होतं. आणि त्याच्या वर, कोपऱ्यात, एक जाळं जसंच्या तसं होतं. एक धागासुद्धा तुटलेला नव्हता. मधोमध कोळी बसलेला होता.

साडूंनी टोपी काढली.

"पोलाद तुटलं. जाळं तुटलं नाही," साहेब हळूच म्हणाले. "एकाच इमारतीत, एकाच खोलीत, एकाच क्षणी. जगात अशी चाचणी कोणी घेतली असेल?"

कोणीच घेतली नव्हती. अहवालात तसं नमूद केलं. अपघाताचं कारण, दोरात पोलादाचं प्रमाण नको इतकं जास्त असणं. शिफारस, यापुढे शिक्क्यासाठी येणाऱ्या प्रत्येक शिडीला आणि साखळीला निदान एक तरी जाळं असावं. साडूंचा सत्कार झाला. त्यांनी भाषणात कोळ्याच्या चिकाटीवर अर्धा तास बोलून दाखवलं आणि लोक जागचे हलले नाहीत. पुढे त्यांना दुसऱ्या कार्यालयाने बोलावून नेलं. तिथे पुलांचं काम चालतं.

अहवालाबद्दल मला अजून फोन येतात. सगळे एकच विचारतात, कोळ्याचा धागा खरंच पोलादापेक्षा मजबूत असतो का हो? चांगला प्रश्न आहे. तुमच्याही मनात तोच घोळतोय, मला माहीत आहे. लिफ्ट पडून आता बराच मजकूर होऊन गेला. आत माणूस होता. त्याचं पुढे काय झालं हे मी एका शब्दाने सांगितलेलं नाही, आणि तुम्ही कुठेही न अडखळता इथवर आलात. साडूंच्या टोपीला तर हसलातसुद्धा.

बटणदादा जगले. उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. समितीत तज्ज्ञाची एक जागा रिकामी आहे. लाजू नका, अर्ज करा, आम्हाला तुमच्यासारखीच माणसं लागतात.