तळवडीच्या पुस्तकानं गेनूअण्णांना वाचलं त्याची हकीकत

तळवडीच्या सार्वजनिक वाचनालयात मनाच्या तब्येतीवरची जी एकतीस पुस्तकं आहेत, ती माणसांनी वाचायची नसतात. ती माणसांना वाचतात.

बाकीची कपाटं इतर गावांसारखीच आहेत. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं तिथली पोरं वाचतात, पाककृतीची बायका वाचतात. फक्त खिडकीजवळच्या कपाटाची रीत वेगळी. तिथलं पुस्तक लाकडी घोडीवर उघडून ठेवायचं आणि माणसानं समोर पाटावर बसायचं. एका पानापुरतं माणूस कळलं, की पुस्तक आपलं आपण पान उलटतं. मधे शिंक आली तर ओळ चुकते, मग ते थांबून पुन्हा मागून धरतं. त्यामुळं या कपाटाच्या सभासदाला अक्षरओळख लागत नाही. अर्जात 'लिहिता-वाचता येते काय' हा रकाना होता, तो ग्रंथपाल खरमाटे बाईंनी खोडून तिथं 'बसता येते काय' असं लिहून घेतलं होतं.

गेनू सरवदे यांना बसता येत होतं, पण फार वेळ नाही. अण्णा नगरपरिषदेत पाणी सोडायच्या कामावर होते. एकतीस वर्षं टाकीखालची चावी, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह, त्यांच्या हातात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, चावी पोपट घुगेकडं गेली, तरी अण्णा दिवसातनं चौदा वेळा टाकीवर जाऊन चावी बंद आहे का बघत. पोपट बिचारा भला माणूस. अण्णा दिसले की लांबूनच म्हणायचा, "बंद हाय, अण्णा." अण्णा मान हलवायचे, हात लावून बघायचे आणि घरी यायचे. घरी आले की पुन्हा वाटायचं, हात लावला तो नीट लावला का?

या चौदा खेपांपायी अण्णांनी आठ वर्षांत गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. लेक वैजंता बार्शीला दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, त्यामुळं निभावलं. दुसरं मात्र सासरी झालं. मुलगी झाल्याचा निरोप आला आणि भागाबाईंनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, हिशेब सरळ मांडला. बारसं बाराव्या दिवशी. बार्शीची गाडी दुपारी एकला. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन आणि लेकीला सांगेन, तुझ्या बापाला नातीपेक्षा नळ मोठा. हे बोलताना त्या रागावलेल्या नव्हत्या, भाकरी थापत होत्या. म्हणूनच अण्णा घाबरले आणि त्याच सकाळी दहा वाजता वाचनालयात जाऊन पाटावर बसले.

बाईंनी त्यांच्यासाठी चिंतेवरचं पुस्तक काढलं. पिवळ्या पुठ्ठ्याचं, एकशेवीस पानांचं, कोपरे झिजलेलं. गावातल्या बऱ्याच लोकांना त्यानं वाचलं होतं, पण कुणाचं कुणाला सांगितल्याचं एकही उदाहरण नव्हतं. अण्णांना पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की पुस्तकाला घाई नाही. ते नुसतं उघडं राहून त्यांच्याकडं बघत होतं. आपल्याकडं इतका वेळ कुणी बघत बसल्याचं अण्णांना आठवेना. आई बघायची, पण तिला दुसरी पाच होती. ते घरी जाऊन भागाबाईंना एवढंच म्हणाले, की पुस्तक गुणाचं आहे.

रोज साधारण दहा पानं व्हायची. कुठवर वाचून झालं याची खूण पुस्तकात ठेवून चालत नाही, ती माणसातच ठेवावी लागते. म्हणून बाई अण्णांच्या मनगटावर एक सुती दोरा बांधत आणि पानागणिक त्याला एक गाठ मारत. नवव्या दिवशी पंच्याऐंशी गाठी झाल्या. अण्णांच्या खेपा चौदावरनं सहावर आल्या होत्या. पोपटला चुकल्याचुकल्यासारखं होऊन तोच एकदा घरी विचारायला आला, तब्येत बरी आहे ना म्हणून.

त्याच दुपारी घोटाळा झाला. अण्णा जेवून कलंडले होते. भागाबाईंनी त्यांच्या मनगटावरचा घामानं काळा पडलेला दोरा बघितला. गाठीवर गाठी. त्यांना वाटलं, कुठल्या तरी देवाचा आहे, मुदत संपली तरी अंगावर राहिलाय, आणि असा दोरा ठेवणं बरं नव्हे. त्यांनी तो हलकेच कातरला, हळदकुंकू वाहिलं आणि नारळासोबत कालव्यात सोडला. वर हातही जोडले.

दहाव्या दिवशी पुस्तक घोडीवर ठेवलं, तर ते पहिल्या पानावर उघडलं.

बाईंनी रिकाम्या मनगटाकडं बघितलं आणि काय झालं ते विचारून घेतलं. अण्णांनी घरी जाऊन विचारलं आणि भागाबाईंना घेऊनच परत आले. बाई कुणावर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, खूण गेली की नियमाप्रमाणे पहिल्यापासून. बारा दिवसांचं वाचन दोन-तीन दिवसांत होणं शक्य नव्हतं. मग बाईंनी नियमांचं चोपडं काढलं, बोट फिरवत अकराव्या कलमावर आल्या. माणसानं स्वतः तोंडी सांगितलेला मजकूर पुस्तक पुन्हा वाचत नाही, खात्री करून पुढं जातं, असं त्यात होतं.

"म्हंजे मी काय सांगू?" अण्णांनी विचारलं.

"त्यानं वाचलं ते."

"त्यानं काय वाचलं, मला काय ठावं?"

"अण्णा, तुमचंच आहे ते," बाई म्हणाल्या.

तर अण्णा सांगायला लागले. दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस, पण दोन दिवस बोलला. गुरं राखायला होते ते सांगितलं, बहीण तापानं गेली ते सांगितलं, चावीचा लोखंडी दांडा पहिल्यांदा हातात आला तेव्हा तो झोपताना उशाखाली घेतला होता तेही सांगितलं. पुस्तक पाच-पाच, सात-सात पानं एकदम उलटत होतं. भागाबाई मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना यातलं निम्मं माहीत नव्हतं.

अकराव्या दिवशी साडेअकराला पुस्तक शहाऐंशीव्या पानावर आलं आणि थांबलं. अण्णा म्हणाले, झालं, एवढंच होतं. पान हललं नाही. बारा वाजले, एक वाजला. बाईंनी जेवायचा डबा उघडलाच नाही. पुस्तक मात्र शांत. त्याला तगादा लावायची सवयच नव्हती.

शेवटी अण्णा पुस्तकाकडं न बघता बोलले. आठ वर्षांपूर्वी ते एका संध्याकाळी चावी बंद करायला विसरले. टाकी रातोरात मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी कुंभारगल्लीत देठेंच्या पोरीचं लग्न होतं. नळाला थेंब नाही. दोनशे माणूस पानावर बसलेलं, हात धुवायला पाणी नाही, प्यायला नाही. पोरीचा बाप एकेकापुढं हात जोडत फिरला. नगरपरिषदेनं पंप बिघडला म्हणून कळवलं, आणि विषय मिटला.

"कुणी मला रागवलंच न्हाई," अण्णा म्हणाले. "मी वाट बघत हुतो. एक जण तरी ईल, म्हनलं."

पान तरीही हललं नाही. तेव्हा भागाबाई बाकावरनं उठल्या आणि पाटाजवळ येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी उलटी करून ठेवली.

"लाज वाटाय पायजे हुती तुमाला," भागाबाई म्हणाल्या. "दोनशे माणूस तहानलेलं उठलं. त्या बापानं का म्हणून हात जोडायचं? हात तुमी जोडायचं. अन् त्या दिवशी घरी येऊन पिठलं मागून घेतलंसा, आठवतंय मला. मी मेलीनं दोनदा वाढलं. तोंडात घास जातच कसा हुता वो?"

अशा त्या पाव तास बोलल्या. चावीचं बोलल्या, पंपाच्या खोट्याचं बोलल्या, आठ वर्षं गप्प बसल्याचं तर दोनदा बोलल्या. अण्णा मान खाली घालून एकेक शब्द ऐकत होते, उन्हातनं आलेला माणूस पाणी पितो तसे. मग भागाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"झालं आता. रागावले मी."

पुस्तकानं पान उलटलं.

त्या संध्याकाळी अण्णा देठेंच्या घरी जाऊन हात जोडून आले. देठे म्हणाले, पोरीला आता दोन लेकरं आहेत, बसा, चहा घ्या. अण्णा बसले.

बाराव्या दिवशी उरलेली पानं वाचायची होती. त्यांत फार मजकूर नव्हता. साडेबाराला पुस्तक मिटलं. बाईंनी नोंदवहीत अण्णांच्या नावापुढं 'वाचून पूर्ण' असा शेरा लिहिला, तारीख घातली आणि पुस्तक फडक्यानं पुसून त्याच्या जागी उभं केलं. अण्णांनी त्याला नमस्कार केला. वाचनालयात तशी पद्धत नव्हती, पण बाईंनी हरकत घेतली नाही.

एकच्या गाडीत अण्णांना खिडकीजवळची जागा मिळाली. नाव आत्या ठेवील ते खरं, पण आपल्याला विचारलंच तर काय सांगायचं, यावर त्यांचं बोलणं चाललं होतं. गाडी टाकीजवळ आली. खाली पोपट उभा होता, त्यानं हात वर केला. भागाबाईंनी पिशवी पोटाशी घेतली, उतरायची वेळ आलीच तर म्हणून.

"इंद्रायणी चांगलं हाय," अण्णा म्हणाले, "पर हाक मारायला लांब पडतंय."

एवढं पुरं करून त्यांनी टाकीकडं बघितलं. ती तोवर मागं गेली होती.